ओटीतला युरिया

कांदा सडायला लागला की त्याचा वास आधी शेजाऱ्याला येतो. सारजाबाईच्या बराखीचा वास श्रावणात आख्ख्या वस्तीला आला, तेव्हाही ती सुनेला म्हणत होती की उंदीर मेला असेल कुठंतरी. मग तिनं कुडातून आत हात घातला आणि हात कोपरापर्यंत बरबटून बाहेर आला.

बराखी म्हणजे कांदा साठवायचं लांबट खोपट. खाली लाकडं, बाजूंनी वारं खेळेल असा कूड, वर उसाचं पाचट. उन्हाळ्यात काढलेला कांदा तिथं निवांत पडून राहतो आणि भाव चढला की बाहेर निघतो. पण त्यात कुणी युरिया फेकला, तर तो ओल धरतो, कांद्याला पाणी सुटतं आणि बघता बघता सगळी बराखी खाली बसते. दुसऱ्याचं वाटोळं करायचं तर काठी नको की कुऱ्हाड नको, वैऱ्याला ओंजळभर खत पुरतं.

सारजाबाईला पाचटात अडकलेले पांढरे दाणे सापडले. ती लोणीच्या शिवारात जन्मभर राबलेली बाई, तिला कुणी सांगायला नको होतं. आणि टाकणारा कोण, हेही तिला कुणी सांगायला नको होतं.

तिचा धाकटा दीर गेणू. बाप्तिस्म्याचं नाव गमलिएल, पण ते म्हणताना गावाची जीभ वळत नसे, म्हणून गेणू. थोरला भाऊ शांतवन वारल्यापासून दरसाल नांगरताना हा एक तास, म्हणजे नांगराची एक रेघ, वहिनीच्या बांधात घुसवायचा. सारजाबाईनं दोन-चार वर्षं गोडीनं सांगून पाहिलं. शेवटी माघात तिनं सरकारी मोजणी आणली, बांधाचा दगड होता तिथं परत बसवला आणि बघायला जमलेल्या लोकांना वर गूळ वाटला. दगड गेणूनं सोसला असता. त्याला गूळ लागला.

ते साल अठ्ठ्याण्णव. दसऱ्याच्या आसपास कांद्यानं असा भाव खाल्ला की टीव्हीवरच्या बातम्याच कांद्यापासून सुरू व्हायच्या. सारजाबाईचा कांदा तेव्हा ओढ्यात कुजत होता. त्या कांद्यावर घराला पत्रे येणार होते. आता हत्ती नक्षत्राचा पाऊस थेट चुलीवर गळत होता आणि ती वर ताटली धरून भाकरी भाजत होती. पलीकडं गेणूची बराखी गच्च भरलेली, त्याच्या एस्तेरचं लग्न नाताळानंतर ठरलेलं. सारजाबाई बांधावरून त्या बराखीकडं बघत उभी राहायची.

वस्ती ख्रिस्ती लोकांची, हाताच्या बोटांवर मोजावी एवढ्या घरांची. मधोमध पत्र्याचं देऊळ, दारात घंटा म्हणून टांगलेला रुळाचा तुकडा. महिन्यातून एकदा मंचरहून पाळकसाहेब फटफटीवर यायचे आणि प्रभुभोजनाची भाकर नि प्याला द्यायचे. त्याच्या आदल्या सांजेला वस्तीत सलाम फिरायचा. ज्याचं ज्याच्याशी वाकडं असेल त्यानं त्याच्या दारात जायचं, सलाम म्हणायचं आणि मन मोकळं करून यायचं. ही रीत सारजाबाईच्या सासूनं, बयाबाईनं घातलेली. "घास घ्यायच्या आधी खडा निवडावा," असं ती म्हणायची. बयाबाई जाऊन वर्षं लोटली. सलाम राहिला, पण पुष्कळांचा नुसता उंबऱ्यापुरता. गेणूही दर महिन्याला दारात यायचा, सलाम टाकायचा आणि पाठ फिरवायचा. सारजाबाई चुलीत बघत सलाम परत करायची.

मुलगा शहरात कामाला, घरात ह्या दोघीच. रोज सांजेला सारजाबाई आणि सून सुवार्ता कंदिलाशी बसून प्रार्थना म्हणत. प्रभूनं शिकवलेल्या प्रार्थनेत दुसऱ्यांना क्षमा केल्याची ओळ आली की सारजाबाईला नेमका खोकला यायचा. श्रावणापासून तो खोकला काही सुटला नाही. सुवार्ता शहाणी पोर. ती त्या ओळीपाशी थांबायची, सासूचा खोकला होऊ द्यायची आणि मग पुढं जायची. एकदा तिनं भीत भीत विचारलं, तर सारजाबाई म्हणाली की देवाला सगळं कळतं, मग मी काय म्हटलं न्हाई तेबी कळू दे त्याला. शास्त्रात वैऱ्यांचे दात पाडायला सांगणाऱ्या ज्या प्रार्थना होत्या, त्या मात्र तिनं शोधून शोधून पाठ केल्या होत्या. त्या म्हणताना तिचा आवाज कसा खणखणीत लागायचा.

पण देव दात पाडायला उशीर करू लागला, तेव्हा बाईनं स्वतःच पदर खोचला.

शनिवारी गेणूचं घर लग्नाचं कापड बघायला मंचरला गेलं. दुपारची उघडीप होती. सारजाबाईनं कोपऱ्यातल्या पोत्यातला युरिया ओटीत भरला, गवताला निघाल्यागत हातात विळा घेतला आणि बांध ओलांडला. गेणूचं कुत्रं तिच्या हातची भाकरी खाऊन वाढलेलं. ते शेपूट हलवत मागं आलं. बराखीच्या वळचणीला फट होती. तिथून तिनं पहिली मूठ फेकली, शांतवनाच्या बांधाची. दुसरी पत्र्यांची. तिसरी चुलीवर गळणाऱ्या पाण्याची. मग कारणं संपली तरी हात थांबेना. ओटी रिकामी झाली तसा तिनं पदर झटकला आणि घरी येऊन मिरचीच्या ठेच्याशी दोन भाकरी खाल्ल्या. श्रावणापासून तिला एवढी भूक लागली नव्हती.

दिवेलागणीला पाऊस भुरभुरायला लागला आणि गेणू सलामाला आला. पण आज तो उंबऱ्यावरून फिरला नाही. आत आला, टोपी काढली आणि खाली ओल्या भुईवरच बसला.

"वैनी, एस्तेरनं आज दुकानात सगळ्यात पैलं लुगडं तुमचं काढलं," तो म्हणाला. "मोठ्या आईचं आधी, मग बाकीच्यांचं, म्हणली. मला तितं बसवंना."

सारजाबाईनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

"तुमच्या बराखीत मीच टाकला," गेणू म्हणाला. "गुळाचा लई राग व्हता. आता उद्या कंच्या तोंडानं प्याला घिऊ?"

हे ऐकायला सारजाबाई किती रात्री तळमळली होती. काय काय बोलायचं ते सगळं तिनं मनात रचून ठेवलं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, की सुवार्ता पडवीत आहे, तिला ऐकू जाईल असं पुन्हा म्हणा. गेणूनं मान खाली घालून पुन्हा म्हटलं. म्हणताना त्याचा आवाज फुटला. सारजाबाईला ते गुळापेक्षा गोड लागलं. पायाशी बसलेला हा माणूस आणि पलीकडं त्याच्या बराखीत ओल धरणारे दाणे, दोन्ही तिला एकदम दिसत होते.

"सोडलं," ती म्हणाली. "जावा."

"असा न्हाई जायचो. माज्या बराखीतला निम्मा कांदा तुमचा. सोमवारी वाटणी करू."

सारजाबाई ठासून म्हणाली, "मला नगं तुमचा कांदा."

सडणारा कांदा कशाला घ्या, एवढाच तिचा हिशेब होता. गेणूला तो मोठेपणा वाटला. तो ढसाढसा रडला आणि तिथून उठला तो घरोघर सांगत सुटला, की वैनीनं सोडलं आणि वर कांदाबी नगं म्हणली. हा हा म्हणता बाया सारजाबाईच्या दारात जमल्या. कुणी तिचे हात धरले, कुणी म्हणालं की बयाबाईच पुन्हा जन्माला आली. आता सारजाबाईनं तोंड उघडलं नसतं तर जगात कुणाला काही कळणार नव्हतं. सड म्हणजे सड, ती कशानंही लागते. पदराला खताचा दाणाही उरला नव्हता. आणि आपण काय चुकलो, त्यानं केलं तेच केलं ना, असं ती स्वतःला बजावत होती. त्या सांजेच्या प्रार्थनेत तिला खोकला आला नाही. तिनं पहिल्या शब्दापासूनच तोंड उघडलं नाही.

रविवारी पावसानं झोड धरली. पाळकसाहेब भिजून आले, त्यांच्या कानावर सगळं गेलंच होतं. त्यांनी उपदेश बाजूला ठेवला आणि म्हणाले की विश्वासात वाढणं म्हणजे काय ते मी पोथ्या वाचून सांगत होतो, पण ते तुम्हाला बघायचं असेल तर आपल्या सारजाबाईंकडं बघा. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. गेणूची बायको डोळ्याला पदर लावत होती. एस्तेर सरकत सरकत येऊन मोठ्या आईला खेटून बसली.

मग भाकर फिरू लागली. ती जवळ येईल तसा सारजाबाईच्या नाकात वास भरू लागला, तोच श्रावणातला. कांदा अजून सडलेला नव्हता, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी वास येत होता. एस्तेरचा हात तिच्या हातात होता आणि तो तिला निखाऱ्यासारखा पोळत होता.

"थांबा सायेब," ती उठून उभी राहिली. "माज्याकडं बगू नका. मी काल दुपारी भावजींच्या बराखीत युरिया टाकलाय."

एस्तेरचा हात सुटला. गेणू सावकाश उभा राहिला.

"काल दुपारी? माज्या सलामाच्या आधी?"

"आधी."

"आन मी रडत व्हतो तवा तुमाला ठावं व्हतं."

"व्हतं," सारजाबाई म्हणाली. "ग्वाड लागलं मला."

त्याचा हात वर झाला आणि तसाच राहिला. "किती टाकला?"

"ओटीभर."

गेणू पळाला. त्याच्यामागं आख्खी वस्ती पळाली. कूड फोडला, पाट्या भरल्या. पण एवढ्या पावसात कांदा पसरायचा कुठं, ह्यावर सगळ्यांचं अडलं. गेणूच्या घरात जागा नव्हती, सारजाबाईचं तर छप्परच गळत होतं. वस्तीत कोरडी जमीन एकच होती. पाळकसाहेबांनी विजार गुडघ्यापर्यंत वर घेतली आणि स्वतःच सतरंज्या गुंडाळल्या. मग पोती पांघरलेली माणसं कांदा वाहून देवळात ओतत राहिली. सारजाबाई भुईला बसली. ओला कांदा वेगळा, कोरडा वेगळा, खताचे दाणे फडक्यानं पुसून काढायचे. तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. कालच्या बाया आज तिच्या बाजूला पाटीही ठेवत नव्हत्या. तिनं मान वर केली नाही आणि हातही थांबवला नाही. बोटांची सालं निघाली तरी ती निवडत राहिली.

दुपार कलली तेव्हा बराखी रिकामी झाली. वळचणीखालचा कांदा गेला, पण बाकीचा पुष्कळ वाचला. वेदीपासून दारापर्यंत लालभडक कांदा पसरला होता आणि त्यात जागा सापडेल तशी माणसं टेकली होती. पाळकसाहेब म्हणाले की राहिलेलं भोजन उरकून घेऊ. सारजाबाईला नि गेणूला, दोघांनाही वाढेन, पण आधी सगळे मिळून प्रार्थना म्हणा.

जागाच नव्हती, म्हणून गेणूला सारजाबाईच्या शेजारी बसावं लागलं. दोघांच्याही हातांना कांद्याचा उग्र वास येत होता. सगळे प्रार्थना म्हणू लागले. क्षमेची ओळ आली. सारजाबाईनं ती म्हटली, घशात काटा अडकल्यासारखी, पण शेवटपर्यंत म्हटली. आणि तिला शेजारून खोकल्याचा आवाज आला.

लोक पुढं गेले. गेणू खोकत राहिला. सारजाबाईनं पुढची ओळ धरली नाही. सुवार्ता तिच्यासाठी थांबायची तशी ती थांबली, समोरच्या कांद्यांकडं बघत.

"घाई न्हाई, भावजी," ती हळूच म्हणाली. "मला श्रावणापास्नं लागलं."