त्या शेंगा वालाच्या नव्हत्या

मित्रांनो, जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावातल्या एका घराच्या मागच्या भिंतीवर चढलेली मी एक जुनी वेल आहे. जर्मन लोक मला ब्लाउरेगन म्हणतात, म्हणजे निळा पाऊस. मे महिन्यात माझे जांभळे-निळे घोस लोंबू लागले की येणारे-जाणारे थबकून बघतात. पण आज मी फुलांची नाही, भीतीची गोष्ट सांगणार आहे.

या घरातले कपिल आणि ऊर्मिला वेल निवडायला रोपवाटिकेत आले, तेव्हा माझ्या शेजारी क्लेमाटिसची वेल होती, वेलीचा गुलाबही होता. ऊर्मिलानं माझा एक घोस पाहिला आणि म्हणाली, "कपिल, हीच!" विकणाऱ्या बाईंनी बजावलं, की हिच्या शेंगा नि बिया विषारी असतात, फुलं गळली की घोस छाटून टाका. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असं म्हणत कपिलनं मान डोलावली. काही वर्षं त्यानं छाटलेही. मग कामं वाढली, आणि माझ्या अंगावर मखमली हिरव्या शेंगा लोंबू लागल्या.

त्या उन्हाळ्यात कपिलची आई, म्हणजे त्याच्या लेकीची आजी, अलिबागहून आली. एका दुपारी आजी टोपली घेऊन माझ्यापाशी आल्या. शेंग दाबून पाहत स्वतःशीच म्हणाल्या, "अगंबाई, इथे चक्क वाल! आणि ही मुलं दुकानातून भाजी आणतात!"

मला मुळापर्यंत कापरं भरलं. शेंगा घट्ट धरून ठेवायला मी खूप धडपडले, पण त्यांचे हात सराईत होते. टोपली भरली. बाकावर बसून त्या शिरा काढू लागल्या, आणि कोवळा आहे का बघायला एक दाणा चावला. मग आणखी एक.

तेवढ्यात नात तनया शाळेतून आली. तिला मराठी कळतं, पण ती बोलते जर्मन. टोपली पाहून ती किंचाळली, "नाइन, आजी! गिफ्ट! दास इस्ट गिफ्ट!"

जर्मनमध्ये नाइन म्हणजे नको, आणि गिफ्ट म्हणजे विष. आजींना ते कुठून ठाऊक असणार? त्या हसल्या. "गिफ्ट? कुणाला द्यायचंय गं?"

तनयाला मराठी शब्द आठवेना. तिनं टोपली उडवून दिली, स्वतःचा गळा धरला आणि रडत म्हणाली, "आजी... खाल्लं की मरतं!"

आजींचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, मी दोन दाणे खाल्लेत."

ऊर्मिला वरच्या खोलीतली मीटिंग सोडून धावत आली. "आई, थुंका! आधी तोंड धुवा!" ॲम्ब्युलन्स आली. गाडीत घालतानाच आजींच्या पोटात कळा सुरू झाल्या. सगळे गेले. घर बंद झालं. मी त्यांचा जीव घेतला, असंच मला वाटत राहिलं.

दोन दिवसांनी आजी परतल्या, थकलेल्या, पण आपल्या पायांनी चालत. मी सुटकेचा श्वास घेते न घेते तोच कपिल करवत घेऊन आला. "आई, हिला मुळासकट काढतो." करवतीचे दात माझ्या सालीला टेकले.

"थांब," आजी म्हणाल्या. "तुला माहीत होतं ना रे? मग मला एका शब्दानं सांगितलं का नाहीस?"

कपिलनं करवत खाली ठेवली. मग त्यानं शेंगा काढायला घेतल्या.

आता तो दरवर्षी न चुकता घोस छाटतो. तरी एखादी शेंग पानाआड राहिली असेल, या धास्तीनं उन्हाळाभर माझा जीव थाऱ्यावर नसतो.

मित्रांनो, अंगणात वेल जरूर लावा. पण फुलांवर भुलून ती घरी आणताना तिच्या शेंगा-बियांचीही चौकशी करा. आणि जे कळेल ते घरातल्या प्रत्येकाला सांगा, त्याला समजेल अशा भाषेत. भिंतीवरून मला सगळं दिसतं; घरच्यांना सांगायचं काम मात्र तुमचंच.