इंजिन गेले, गाडी राहिली

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे. पण माझे नेमके वय काय सांगावे, हा मलाच प्रश्न पडतो. माझा पत्रा जुना, चाके मधल्या वयाची आणि पोटातली बॅटरी अगदी अलीकडची. तेव्हा माझी गोष्ट पत्र्यापासूनच सुरू करते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा मी डिझेलवर चालणारी, उंच टपाची, मालवाहू गाडी होते. पहिली काही वर्षे मी एका फर्निचरच्या दुकानात होते. कपाटे, पलंग, गाद्या वाहिल्या. कपाट कधी तक्रार करत नाही, त्यामुळे खड्ड्यातून कसेही गेले तरी चालत असे. पुढे दुकान बंद पडले आणि दादांनी, म्हणजे माझ्या आताच्या मालकांनी, मला विकत घेतले.

दादांच्या थोरल्या बहिणीची मूत्रपिंडे निकामी झाली होती. अशा माणसाला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जाऊन यंत्राने रक्त शुद्ध करून घ्यावे लागते. त्याला डायलिसिस म्हणतात. ताईंना रिक्षात चढवताना-उतरवताना दादांचा जीव मेटाकुटीला येई. म्हणून त्यांनी मला घेतले, आत आसने बसवली आणि मागच्या दाराला लोखंडी रॅम्प जोडला. ताई पुढे फार वर्षे राहिल्या नाहीत. पण तोवर त्यांच्याबरोबर येणारे आणखी काही जण माझ्यावर अवलंबून झाले होते. दादांनी ती फेरी मोडली नाही. तेच त्यांचे काम झाले आणि माझेही.

माझ्यात नेहमी तिघे असत. एक बाई. त्या शाळेत शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि थकल्या तरी ताठ बसत. दुसरे शिंपीकाका. त्यांची चाकाची खुर्ची रॅम्पवरून थेट आत येई. तिसरे मामा. ते डोंगरापलीकडच्या वस्तीत राहत आणि उभा जन्म खाणीवर घालवल्यामुळे फार कमी बोलत. माझे इंजिन इतके धडधडत असे की मी गल्लीच्या तोंडाशी आले, की बाई पर्स घेऊन दारात उभ्या असत. डॉक्टरसुद्धा दादांना म्हणत, की तुमचे पेशंट कधी उशिरा येत नाहीत. ते ऐकून मला फार अभिमान वाटे.

मग एक दिवस दवाखान्याच्या फाटकावर पाटी लागली. डिझेलच्या गाड्यांना आत मनाई. पोर्चच्या बरोबर वर दम्याच्या रुग्णांचा कक्ष होता आणि खिडकीचे पडदे माझ्यासारख्यांच्या धुराने काळे पडत होते. दवाखान्याचे काही चुकले, असे मला तेव्हाही वाटले नाही. पण फाटकापासून दारापर्यंत चांगला उभा चढ होता. बाई तो चढणार कशा?

दादांनी नव्या विजेच्या गाड्या पाहून घेतल्या. एकीचा टप ठेंगणा, दुसरीचे दार अरुंद. गॅसवरची गाडी पाहिली, तर जिथे खुर्ची ठेवायची तिथेच सिलिंडर. घरी आल्यावर वहिनी, म्हणजे दादांची बायको, म्हणाल्या, “काकांची खुर्ची ठेवणार कुठे? टपावर?”

शेवटी तोडगा काढला तो करंट नावाच्या मेकॅनिकने. खरे नाव काही वेगळेच असेल, पण सारे त्याला करंटच म्हणत. गाडी तीच ठेवू, इंजिन काढून विजेची मोटर बसवू, असे तो म्हणाला.

मित्रांनो, साखळीला टांगून माझे इंजिन बाहेर काढले, तेव्हा मला इतके हलके वाटले की आता आपण उडून जाऊ! ते सुख थोडाच काळ टिकले. बॅटरीच्या पेट्या इंजिनापेक्षा जड निघाल्या. त्या माझ्या तळाखाली बसवायच्या, तर तिथे रॅम्प सरकायची जागा होती. करंटने रॅम्प कापला, पुन्हा जोडला, वजन पेलायला स्प्रिंगचे पाटे बदलले. बदललेली गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणी हवी, आणि तपासणारा माणूस काही केल्या येईना. थोडक्यात सांगायचे तर जे काम चुटकीसरशी होईल असे वाटले होते, ते लांबत गेले.

तोवर फेरी भाड्याच्या गॅस गाडीने चालली होती. दादा कधीतरी गॅरेजात डोकावून करंटला तिकडच्या गोष्टी सांगत, म्हणून मला कळल्या. गॅसच्या पंपावर रांग लागे आणि रांगेत बाईंची मान गळून पडे. खुर्ची उघडी ठेवायला जागा नव्हती, म्हणून काकांना उचलून आसनावर बसवत. काका म्हणत, “कापडाची घडी घालतात रे, शिंप्याची नाही.” पण हे सांगताना दादा हसत नव्हते.

अखेर मी परतले. काळा धूर गेला, धडधड गेली आणि मी पोर्चपर्यंत जाऊ लागले. पण आता मला खायला कुठे घालायचे, हा प्रश्न उभा राहिला. दादांचे घर दुसऱ्या मजल्यावर आणि मी खाली गल्लीत. पहिल्याच संध्याकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर सोडली. शेजाऱ्यांनी पाणी तापवायला लावले आणि सगळ्या इमारतीची वीज गेली. तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा लिफ्टमध्ये अडकले. बाहेर आल्यावर ते दादांना शांतपणे म्हणाले, “गाडीला जेवू घाल बाबा, पण मला अधांतरी टांगू नकोस.” तेव्हापासून वायर वर गेली ती गेलीच.

बाजारात चार्जिंगचे दोन खांब होते. एक बहुधा बिघडलेला असे, दुसऱ्यावर कुणी ना कुणी असे. करंटने सांगितलेले अंतर मी सपाट रस्त्यावर सहज कापत होते, पण मामांच्या वस्तीचा चढ, तिघांचे वजन आणि थंडीचे दिवस आले की माझा जोर लवकर ओसरे. दादांचे डोळे सदा बॅटरीच्या आकड्यावर. वहिनी म्हणत, की दूध उतू जाईल की काय अशा नजरेने हे त्या आकड्याकडे बघतात.

त्या हिवाळ्यातली एक दुपार मी विसरू शकत नाही. सकाळी खांब मोकळा मिळाला नव्हता, त्यामुळे परतताना माझ्यात फारसा जोर उरला नव्हता. वीज वाचावी म्हणून दादांनी त्या दिवशीही आतला हीटर बंद केला. डायलिसिसहून निघालेल्या माणसाला थंडी फार बाधते. दादांना हे माहीत नव्हते असे नाही. पण घर गाठणे जास्त गरजेचे, असा त्यांनी हिशेब केला.

पूर्वी इंजिनाच्या आवाजात मागचे बोलणे पुढे कधी ऐकू येत नसे. आता आत शांतता होती. काकांनी आपली शाल बाईंच्या खांद्यावर टाकली असावी, कारण बाई अगदी हळू म्हणाल्या, “त्यांना सांगू नका हं. मी गारठले तर पुन्हा गरम होईन, गाडी बंद पडली तर आपण सगळेच अडकू.”

काका म्हणाले, “गेल्या आठवड्यापासून असंच चाललंय, बाई.”

“चालू दे. त्यांना आधीच फार काळजी आहे.”

दादांनी हे ऐकले.  त्यांनी लगेच हीटर सुरू केला. आकडा भराभर उतरू लागला. आता घर गाठता येणार नाही, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. त्यांनी मला बाजाराकडे वळवले.

एका खांबावर बिघाडाची पाटी होती. दुसरा चालू होता. पण त्याच्यापुढच्या जागेत एक पेट्रोलची मोटार उभी होती आणि मालकाचा पत्ता नव्हता. मला आणखी पुढे जाणे शक्य नव्हते.

समोर न्हाव्याचे दुकान होते. आम्हाला अडकलेले पाहून त्याने सरळ दोन्ही दारे उघडली. काकांची खुर्ची आत घेतली, बाईंना गुबगुबीत खुर्चीत बसवून अंगावर कोरे टॉवेल घातले आणि मामांना बाकावर आडवे केले. दादांनी वहिनींना फोन केला. त्या पांघरुणे आणि गरम पाण्याचा थर्मास घेऊन चालत आल्या.

बऱ्याच वेळाने मोटारीचा मालक हातात पिशव्या घेऊन आला. गर्दी पाहून ओशाळला आणि म्हणाला, की पाचच मिनिटांसाठी लावली होती. बाई टॉवेलांतून त्याच्याकडे निरखून पाहत होत्या.

“तुम्ही माझ्या वर्गात होतात का?” त्यांनी विचारले.

“नाही.”

“मग ठीक. नाहीतर मला फार वाईट वाटलं असतं.”

तो माणूस लाल झाला. गाडी काढून तो गेला आणि मग कुठे माझ्या पोटात वीज भरू लागली. तिघे आपापल्या घरी पोचले, पण त्या दिवशी मामांना दोघांनी धरून आत न्यावे लागले.

घरापाशी आल्यावर दादा खाली उतरलेच नाहीत. वहिनी शेजारी बसल्या होत्या. दादा म्हणाले, “करंटला सांगतो, जुनं इंजिन परत बसव. फाटकापासून एकेकाला उचलून नेईन, पण हे नको.”

वहिनींनी मांडीवरचा थर्मास खाली ठेवला. मग त्यांनी विचारले, “ते तिघे यंत्रावर असतात, तेव्हा ही काय करते?”

“काय करणार? उभी असते.”

“कुठे?”

“दवाखान्याच्या धोबीखान्यापाशी, भिंतीला.”

“चार तास नुसती उभी? मग तिला तिथंच खायला घाला की.”

दादांनी त्यांच्याकडे पाहिले आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसले.

दुसऱ्या दिवशी दोघे दवाखान्याच्या व्यवस्थापकांकडे गेले. त्यांनी नकार दिला. यंत्रांच्या लाइनवर गाडीचा भार टाकला आणि मध्येच वीज गेली तर माणसांच्या जिवावर बेतेल, असे ते म्हणाले. ते खरेच होते. दादा खाली मान घालून बाहेर आले. मात्र वहिनी धोबीखान्यात शिरल्या. तिथे चादरी वाळवण्याची मोठमोठी यंत्रे होती, त्यांची लाइन वेगळी होती आणि दुपारी ती यंत्रे थंड असत. तिथल्या मुख्य मावशी कडक स्वभावाच्या. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, “वायर ओल्या फरशीवरून जाणार नाही. आणि चादरी उशिरा आल्या तर आधी माझ्या चादरी, मग तुमची गाडी.”

दवाखान्याच्या वायरमनने भार तपासला, बाहेरच्या भिंतीवर वेगळे बटण आणि पत्र्याची पेटी बसवून दिली. मग व्यवस्थापकांनीही हरकत घेतली नाही. मावशी मात्र रोज येऊन पेटी ओढून बघत, नीट बंद आहे की नाही.

तेव्हापासून बाई, काका आणि मामा आत यंत्राला जोडलेले असतात आणि मी बाहेर भिंतीला. चौघेही एकदमच मोकळे होऊन निघतो. परतीच्या वाटेवर हीटर सुरू असतो. दादांनाही आता मागच्या गप्पा ऐकू येतात, आणि काकांचे विनोद फारसे चांगले नसतात, हे त्यांना इतक्या वर्षांनी कळले आहे.

सगळेच सुटले असे मात्र नाही. चादरी उशिरा आल्या की आम्ही खोळंबतो. कडाक्याच्या थंडीत मामांच्या वस्तीपर्यंत जाऊन परतणे मला अजूनही झेपत नाही. म्हणून ते दिवस मामा बाजाराजवळ लेकीकडे काढतात. लेक जिवापाड करते. तरी एकदा ते दादांना म्हणाले, “माझं अंगण राहिलं तिकडे.”  करंट मोठ्या बॅटरीच्या खटपटीत आहे. बघू.

मित्रांनो, तुमच्याही घरी एक ना एक दिवस विजेची गाडी येईल, आणि ती यायलाच हवी. ती किती पळते हे जरूर विचारा. पण तिच्यात कोण बसणार आणि त्याला काय लागते, हे आधी विचारा. आमच्यासारख्यांना सांभाळायला फार मोठे काही लागत नाही. चार्जिंगच्या खांबापाशी मोकळी जागा दिसली आणि घरचे कुणी म्हणाले, की लाव इथेच, रिकामीच आहे, तर त्यांना थांबवा. सांगा, की ती जागा रिकामी नाही. तिथे यायला कुणीतरी निघालेले आहे.