साहेबांची खुर्ची जिन्यावर

मागच्या सभेत वस्तीनं विक्रमच केला होता. सगळे वेळेवर जमले, गप्प बसले आणि काहीही न ठरवता घरी गेले.

झालं असं की, नियम बदलला होता. वस्तीतली लहानसहान कामं आता वस्तीनंच ठरवायची, मोठ्या ऑफिसनं फक्त पैसे पुरवायचे. कारकुनानं घसा कोरडा पडेपर्यंत हे समजावलं. लोकांनी माना डोलावल्या, शाळेच्या हॉलमध्ये समोर गादीची खुर्ची मांडली आणि साहेबांची वाट बघत बसले. साहेब येणारच नव्हते, तेच तर बदललं होतं! पण सभा म्हणजे साहेब बोलणार आणि आपण ऐकणार, ही जित्याची खोड. शेवटी निवृत्त मास्तर उठून म्हणाले, "साहेब आले नाहीत, सबब सभा तहकूब." सुटका झाल्यासारखे सगळे पांगले.

टेलरवहिनी त्या दिवशी दातओठ खात घरी आली.

तिच्या रागाला कारण होतं. वस्ती उतारावर वसलेली, खालच्या आळीतून वरच्या आळीत जायला एकच दगडी जिना. त्याच्या मधल्या पायऱ्या खचल्या आणि तिच्या सासूबाई घरात अडकल्या. गुडघे आधीच कुरकुरत होते. त्यांची धाकटी बहीण जिन्याच्या वरच्या टोकाला राहायची, तीही काठी टेकणारी. पूर्वी दोघी रोज दुपारी एकत्र बसून अख्ख्या वस्तीची उणीदुणी काढायच्या. पायऱ्या गेल्यावर काही दिवस खिडक्यांतून ओरडून बोलणं चाललं. मग बहिणीला ऐकू येईनासं झालं आणि तेही थांबलं. सासूबाई आता दुपारभर खिडकीशी नुसत्या बसून राहायच्या. मशीन चालवता चालवता ते बघणं वहिनीला सोसत नव्हतं.

"पुढच्या सभेतही ठरलं नाही, तर काम परत मोठ्या ऑफिसकडे जाईल," कारकुनानं बजावलं होतं. आणि मोठं ऑफिस पायऱ्या नुसत्या हलत होत्या तेव्हापासून 'बघू' म्हणत होतं.

"मोठी माणसं ठरवतील गं," सासूबाई म्हणाल्या.

"आई, मोठ्या माणसांना हा जिना चढायचा नाहीये."

दुसरी सभा भरली. तोच हॉल, समोर तीच रिकामी खुर्ची आणि तीच शांतता. वहिनी उठली. "पायऱ्यांचं ठरवायचंय. साहेब येणार नाहीत, सुरू करा."

"अहो वहिनी, खुर्ची रिकामी ठेवून सुरुवात कशी करायची?" मास्तर कळवळून म्हणाले. माणूस वाईट नव्हता, पण नवा नियम पाळणंही त्यांना जुना मोडल्यासारखं वाटायचं.

"मग तुम्ही बसा."

"मी? छे छे!" मास्तर विंचू चावल्यासारखे मागे सरकले. वहिनीनं रंगाऱ्याकडे पाहिलं, तर तो एकदम चपला शोधायला लागला.

वहिनीचं डोकं सणकलं. तिनं ती खुर्ची उचलली आणि तडक बाहेर पडली.

"अहो, कुठे नेताय? साहेबांची खुर्ची आहे ती!"

खुर्ची गेली म्हणजे सभाच गेली. सगळा लवाजमा तिच्यामागे धावला. खचलेल्या पायऱ्यांवरून ठेचकाळत, एकमेकांना सावरत खाली उतरून मंडळी वहिनीच्या दारात पोचली, तेव्हा खुर्ची सासूबाईंपुढे होती.

"बसा, आई. आज सभेला तुम्ही यायचं."

सासूबाईंनी खिडकीतून वर पाहिलं, केसांवरून हात फिरवला आणि खुर्चीत बसल्या.

"धरा आता," वहिनी लोकांना म्हणाली. तिचा चेहरा बघून नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही. तिनं खुर्चीचा एक पाय धरला, मास्तरांनी दुसरा, मागचे दोन रंगाऱ्यानं आणि न्हाव्यानं.

खचलेला भाग आला तसे सगळे घामाघूम झाले आणि तोंडं सुटली. रंगारी म्हणाला, पायऱ्या रुंद पाहिजेत. न्हावी म्हणाला, आधी कठडा, डावीकडे.

"उजवीकडे!" वरून सासूबाई गरजल्या. "काठी डाव्या हातात असते माझी. कठडा काय दातांनी धरू?"

"आणि मध्ये टेकायला एक ओटा हवा," धापा टाकत मास्तर म्हणाले. मग एकदम भानावर आले. "पण हे सगळं सभेत ठरायला हवं."

"सगळे इथेच तर आहेत, मास्तर. हीच सभा."

सगळ्यांनी कारकुनाकडे पाहिलं. तो डोकं खाजवत म्हणाला, "सभा कुठे घ्यायची, याचा काही नियम नाही. ज्यांना मान्य आहे, त्यांनी हात वर करा."

"मेल्यांनो, आधी मला खाली ठेवा!" सासूबाई किंचाळल्या.

हसत हसत खुर्ची टेकवली गेली. रुंद पायऱ्या, उजवीकडे कठडा, मध्ये ओटा. हात वर झाले. मास्तरांचा हात अर्ध्यावर घुटमळला, मग तोही पूर्ण वर गेला. सासूबाईंनी सगळ्यांकडे एकवार नीट बघून घेतलं आणि आपला हात उंचावला. वहिनीचे डोळे भरून आले, पण तिनं ते पुसले नाहीत.

कारकुनानं निर्णय तिथेच लिहून घेतला. उरलेल्या पायऱ्या चढताना कोणी कुरकुर केली नाही.

गलका बहिणीला ऐकू गेला नव्हता. दारापुढे गर्दी हलताना दिसली, म्हणून ती काठी टेकत उंबऱ्याशी आली. माणसांच्या डोक्यांवर तिला ती ओळखीची गादीची खुर्ची दिसली.

"काय रे," तिनं विचारलं, "साहेब आले का?"

"साहेब नाही गं," सासूबाई जोरात ओरडल्या. "मी आले."