गेलेल्या बाईची तारीख

हेल्पलाइनच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘आम्ही जोडतो.’ कोणाला कशाशी, हे लिहायला बहुधा भिंत पुरली नव्हती. ज्यांना दवाखान्याचं दार सापडत नाही त्यांनी इथे फोन करायचा आणि इथल्या माणसांनी त्यांना मोठ्या रुग्णालयाची तारीख मिळवून द्यायची. तारीख मिळाली की हेल्पलाइनचं काम संपायचं. आजाराचं काम पुढेही चालू राहायचं, पण तो विभाग वेगळा.

गंभीर आजारांच्या तारखा समन्वयक मॅडम स्वतः कळवत. दिवसभर सगळ्यांची बोलणी खाल्ल्यावर निदान एखादी चांगली बातमी आपल्या तोंडून जावी, एवढीच त्यामागची हाव. त्या दुपारी त्यांनी एका शिंप्याला फोन लावला.

“काका, तुमच्या पत्नीची तारीख आली. कर्करोग विभाग, सोमवारी सकाळी.”

पलीकडे चालू असलेलं शिलाई मशीन थांबलं.

“ती गेली हो ताई. गेल्याच आठवड्यात.”

अशा वेळी म्हणायचं वाक्य ठरलेलं होतं आणि ते मॅडमनीच बसवलेलं होतं: ‘आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत आणि आपली तारीख रद्द करत आहोत.’ मध्ये श्वास घ्यायलाही जागा नव्हती. मॅडम ‘सहभागी’पर्यंत पोचल्या तोच शिंप्याने अडवलं.

“रद्द नका करू. आमच्या खाली लॉन्ड्रीवाली आहे. तिच्याही छातीत गाठ आहे, अगदी हिच्यासारखीच. नाव तुमच्याकडेच नोंदवलंय, पण वर्ष लागेल म्हणतात. ही तारीख तिला द्या.”

“तारीख नावावर असते, काका. दुसऱ्याला देता येत नाही.”

“मग रद्द झालेली जाते कुठे?”

नियमाप्रमाणे ती रांगेतल्या पुढच्या माणसाला मिळायची. मात्र अशी तारीख मिळालेला माणूस मॅडमना आजवर भेटला नव्हता. “वर जाते,” त्या म्हणाल्या.

“वर काय, माझी बायकोही गेलीये.” शिंपी कापड बेतल्यासारखा सावकाश म्हणाला, “असं करू. सोमवारी माझी बायको येईल.”

मॅडमच्या पडद्यावर दोनच बटणं होती: ‘येणार’ आणि ‘येणार नाही’. गेलेल्यांसाठी वेगळी सोय नव्हती. त्यांनी ‘येणार’ दाबलं. कचेरीच्या फोनवरचं सगळं रेकॉर्ड होत असे, म्हणून पुढचं बोलणं त्यांनी जिन्यात उभं राहून स्वतःच्या मोबाइलवरून केलं. जुने रिपोर्ट हरवले म्हणा. सगळ्या तपासण्या नव्याने करायला लावा, रक्ताच्या गटापासून. रुग्णालयाला आनंदच होईल.

“आणि ओळखपत्र?” शिंप्याने विचारलं.

“त्यावरचा फोटो कसाय?”

“ती आहे असं वाटत नाही.”

“मग काही अडचण नाही. वाटलं असतं तर संशय आला असता.”

लॉन्ड्रीवाली गेली. शस्त्रक्रिया झाली, इंजेक्शनं सुरू झाली. शिंपी दर खेपेला नवरा म्हणून बाहेर बाकावर बसायचा. “काका, या वयात तुमचं नाव लावायची वेळ आली माझ्यावर,” ती म्हणायची. “लाव गं बाई, फक्त पुसू नकोस,” तो म्हणायचा. नर्स विचारायची, काय म्हणतात काकू? तो सांगायचा, सुधारतेय. परगावचा मुलगा फोनवर विचारायचा, बाबा, आईच्या मृत्यूचा दाखला काढलात का? तो सांगायचा, काढू रे, घाई काय आहे. एकाच नावाची बाई इकडे बरी होत होती आणि तिकडे तिचं मरणं लांबणीवर पडलं होतं.

सगळं सुरळीत चाललं, आणि नेमका तिथेच घात झाला.

“वार्षिक कार्यक्रमाला एक समाधानी रुग्ण हवाय,” हेल्पलाइनचे साहेब मॅडमना म्हणाले. “मंचावर, फोटोसकट. मी संगणकातून काढलंय. नोंद, तारीख, शस्त्रक्रिया, उपचार, सगळं जिथल्या तिथे झालेली एकच बाई निघाली. अख्ख्या वर्षात एक. त्या शिंप्याची बायको.”

“थकलेल्या असतील, सर.”

“थकलेलीच हवी. ठणठणीत दिसली तर लोक म्हणतील, आजारीच नव्हती. शेजारपाजारही बोलवा, टाळ्या मनापासून पडतात.”

शेजारपाजार म्हणजे शिंप्याच्या बायकोला पोचवून आलेली माणसं. मंचावर लॉन्ड्रीवालीला पाहून त्यांनी तोंड उघडलं, तर त्याच दिवशी तिची इंजेक्शनं बंद होणार होती. अजून अर्धी बाकी होती.

साहेबांना एकच गोष्ट खपत नसे: तक्रार. गंभीर तक्रार करणाऱ्याचं नाव मंचाच्या आसपासही फिरकत नसे. मॅडमनी शिंप्याचं दुकान गाठलं आणि म्हणाल्या, “काका, हेल्पलाइनला फोन करा आणि माझ्याविरुद्ध तक्रार करा.”

“तुमच्याविरुद्ध? ताई, तुम्ही देवमाणूस.”

“देवमाणसाविरुद्धची तक्रार जास्त टिकते. मी उद्धट आहे म्हणा. तुम्हाला थेरडा म्हणाले म्हणा.”

ठरल्याप्रमाणे फोन आला. तो घेतला फोनवर बसणाऱ्या साखरने. आवाजामुळे तिला सगळे साखर म्हणत. मॅडम आपल्या जागेवर कानाला यंत्र लावून बसल्या. दर्जा तपासायला म्हणून त्यांना कुठलाही फोन ऐकता येई, पण मध्ये बोलता येत नसे.

“त्या समन्वयक बाई उद्धट आहेत,” शिंपी म्हणाला.

“अरेरे. काय म्हणाल्या, काका?”

“थेरडा.”

“आणखी?”

“आणखी काही नाही. म्हणजे, वय झालंयच माझं.”

“मग हे ‘किरकोळ’मध्ये टाकते हं,” साखर गोड आवाजात म्हणाली. किरकोळ तक्रारीने मंच टळत नव्हता. मॅडमनी डोळे मिटले.

“किरकोळ नको,” शिंपी म्हणाला. “लिहा. या बाई दर महिन्याला माझ्या बायकोला फोन करायच्या. विचारायच्या, त्रास वाढलाय का? बायको सांगायची, नाही. रात्ररात्र भिंतीला टेकून बसायची आणि यांना सांगायची, नाही. मी म्हटलं, खोटं का बोलतेस? तर म्हणाली, वाढलाय म्हटलं तर म्हणतील आता उपयोग नाही, आणि नाव काढून टाकतील. मग तुमच्याच इथल्या कोणाकडून तरी मला कळलं. वाढला म्हटलं असतं तर तारीख लवकर मिळाली असती. प्रश्न त्यासाठीच होता. हे त्या बाईंना माहीत होतं. त्या विचारायच्या, आणि फोन ठेवून द्यायच्या.”

हे दुकानात ठरलेलं नव्हतं. प्रश्न कशासाठी आहे ते सांगायचं नाही, नाहीतर जो तो त्रास वाढवून सांगेल, हा नियम मॅडमनीच लिहिला होता. बैठकीत त्याचं कौतुकही झालं होतं.

“आता कशी आहे काकूंची तब्येत?” साखरने विचारलं.

मॅडमचा हात कानाच्या यंत्राकडे गेला आणि तसाच राहिला.

“इंजेक्शनं चालू आहेत,” शिंपी म्हणाला. “ती बंद पडू देऊ नका. बाकी काही मागणं नाही.”

साखरने तक्रार ‘गंभीर’मध्ये टाकली. साहेबांनी मंचासाठी दात बसवून मिळालेले एक आजोबा शोधले आणि मॅडमना खुलासा मागणारं पत्र दिलं. मॅडमनी खुलासा केला नाही. फक्त प्रश्नापुढे एक वाक्य घालायची परवानगी मागितली: ‘त्रास वाढला असल्यास तारीख लवकर मिळेल.’

“मग सगळ्यांचाच वाढेल,” साहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तारखेची वाट पाहणाऱ्या यादीतल्या बायकांना फोन करायचे होते. मॅडमनी पहिलाच लावला. रेकॉर्डिंगचा लाल दिवा लागला.

“त्रास वाढलाय का?”

“नाही हो. मुळीच नाही.”

“घाई नाही,” मॅडम म्हणाल्या. “नीट विचार करून सांगा. वाढला असेल तरी सांगा.”

पलीकडची बाई घाबरली. “नाही म्हटलं ना, मॅडम. उलट कमीच आहे. माझं नाव नका काढू.”