फातूबाईंचा डब्लिन मतदारसंघ

माझ्या नवऱ्याला, शशिकांतला, निवडणुका घेण्याची दांडगी हौस. ओहायोतल्या आमच्या डब्लिन गावी मराठी मंडळाचा अध्यक्ष निवडायचा असो की अंताक्षरीचा परीक्षक, आचारसंहिता लागलीच म्हणून समजा. त्यामुळे शेजारचा लामिन कुंपणापाशी तोंड पाडून उभा राहिला, तेव्हाच पुढचं सगळं मला दिसलं.

लामिन गांबियाचा, पश्चिम आफ्रिकेतला. तिकडे संसदेची निवडणूक होती आणि त्याची धाकटी बहीण फातू उभी होती. पण परदेशी राहणाऱ्याला मत देता येत नव्हतं. "सख्ख्या बहिणीला माझंच मत नाही," हे एकच तो बोलत राहिला. मला फार वाईट वाटलं. आम्ही तरी कोण मोठे लागून गेलोय? व्हिसावर आहोत, म्हणून इथे मत नाही, आणि भारतात जाऊन दिल्याशिवाय तिथलंही नाही.

"आपल्या गॅरेजमध्ये घेऊ ना इलेक्शन. प्रॉपर घेऊ," शशिकांत म्हणाला.

प्रॉपर म्हणजे त्यांच्या पद्धतीने. तिकडे कागदावर शिक्का मारत नाहीत. प्रत्येक उमेदवाराचा फोटो लावलेलं पिंप असतं, त्याच्या नळीत गोटी टाकायची, की आत घंटी वाजते. शशिकांतने दोन पिंपं आणून एकावर फातूचा आणि दुसऱ्यावर तिच्या विरोधकाचा फोटो चिकटवला. घोळ नको म्हणून गल्लीतल्या पोरांच्या सायकलींच्या घंट्या काढून घेतल्या, माझ्या देवघरातलीही नेली. अधिकाऱ्याच्या घरातली म्हणून माझं मत रद्द केलं. मतदार तर हवेत, तेव्हा मंडळाला पोह्यांचं आमंत्रण गेलं.

शरयूकाकू सगळ्यांच्या आधी आल्या. "लेकीचा फोटो असा बोडका कसा ठेवलात?" म्हणत त्यांनी गणपतीच्या खोक्यातला नायलॉनच्या झेंडूचा हार फातूच्या फोटोला घातला. हार एकच होता.

मग मंडळी आली. हार घातलेला फोटो बघून सगळ्यांनी चपला बाहेर काढल्या आणि हात जोडले. कुणी लामिनच्या पाठीवरून हात फिरवला. पीएचडी करणारा अंकुर पुटपुटला, "यार, किती यंग होती." लामिन भारावून मला म्हणाला, तुमच्याकडे मतदान किती श्रद्धेने करतात. गेलेल्या बाईला मत देऊन उपयोग काय, असा विचार करून सगळ्यांनी आपापली गोटी दुसऱ्या पिंपात टाकली.

मोजणी झाली. फातूच्या पिंपात एकच गोटी निघाली, लामिनची.

"काकू, तुम्हीसुद्धा?" मी विचारलं.

"अगं, त्या बिचाऱ्याला हार नव्हता," काकू म्हणाल्या.

तेवढ्यात फातूचा व्हिडिओ कॉल आला.

"अरे, ही तर जिवंत आहे," अंकुर म्हणाला.

जिवंत होती, पण तिकडेही पडली होती. रडवेल्या आवाजात तिने भावाला विचारलं, ओहायोत तरी काय झालं? लामिनने फोन शशिकांतपुढे धरला. शशिकांतने तो घेतला. मंडळाच्या निवडणुकीत सख्ख्या मेहुण्याचा अर्ज बाद करणारा हा माणूस. घसा खाकरून इंग्रजीत म्हणाला, "डब्लिन मतदारसंघातून आपण प्रचंड बहुमताने निवडून आला आहात." कुणीही हरकत घेतली नाही.

फातू हसली, मग डोळे पुसून सरळ बसली. "माझ्या मतदारांच्या अडचणी काय आहेत?" तिने विचारलं.

शरयूकाकूंनी फोन आपल्याकडे ओढलाच. "आमच्या मुलाचं ग्रीन कार्ड कधीचं अडकलंय, तेवढं बघ गं बाई." अंकुरने ते तिला इंग्रजीत सांगितलं आणि लगेच स्वतःच्या व्हिसाचंही सांगून टाकलं. बघता बघता ड्राइव्हवेपर्यंत रांग लागली. फातू प्रत्येकाचं नाव विचारत होती आणि घाई करत नव्हती.

मीही रांगेत उभी राहिले. आई आजारी आहे, आणि भेटायला गेले तर परत येऊ देतील याची खात्री नाही, हे मी आजवर कुठल्याच खिडकीवर बोलले नव्हते. फातूने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "बघते मी," म्हणाली. गांबियात पडलेली बाई अमेरिकेच्या व्हिसाचं काय बघणार? तरी मला इतकं बरं वाटलं की रडू आलं. डोळे पुसत बाजूला झाले, तर माझ्या मागे रांगेत शशिकांत उभा होता.