सळईतला आवाज

“बोल पोरी, कुठे मारू पहार?” मुकादमकाकांनी तिसऱ्यांदा विचारलं, तरी मुंगी आपली रस्त्यावर गुडघे टेकून, लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला आणि दुसरं कानाला लावून बसलेलीच.

बाप गेल्यावर पाणीखात्यात ती त्याच्या जागेवर लागली त्याला सात महिने झाले होते. नोकरीबरोबर त्याची सळई मिळाली, पायांत मावून उरणारे गमबूट मिळाले आणि जमिनीखाली फुटलेला पाइप नुसत्या कानाने शोधायचं काम मिळालं. वय एकोणीस. मैत्रिणी कॉलेजच्या सहलीचे फोटो पाठवायच्या आणि ही बया रस्त्याला कान लावून हिंडायची. लोक हसत, पण त्याचं तिला काही नव्हतं. एक गोष्ट मात्र तिने आईलाही सांगितली नव्हती. सळई कानाला लावली की पाण्याच्या आवाजात तिला बाबा ऐकू येत. “पुढे, मुंगे. अजून दोन पावलं. हां, इथे.” सात महिन्यांत ते एकदाही चुकले नव्हते. खरं सांगायचं तर ती नोकरीसाठी नाही, त्या आवाजासाठी कामावर येत होती.

आज साहेबांनी बजावलं होतं, “एकच खड्डा. कोरडा निघाला तर उद्यापासून मशीनवाले येतील. ती सळई कपाटात टाका आणि हिला बसवा टपालावर.” गल्लीत तीन दिवस पाणी नव्हतं. बायका रिकाम्या बादल्या घेऊन दारात उभ्या होत्या.

“कोपऱ्यावर, मुंगे,” बाबा म्हणाले. कोपऱ्यावर खळखळ खरंच मोठी होती. पण शिंप्याच्या पायरीपाशी तिला दुसरंच काही ऐकू आलं होतं. बारीक, चिरका आवाज, कुणी दातांतून श्वास ओढावा तसा. ती पुन्हा तिथे गेली, पुन्हा सळई टेकवली.

“कोपऱ्यावर,” बाबा परत म्हणाले. सूर जरा चढलेला. जिवंतपणी ती त्यांना कधी उलटून बोलली नव्हती. आता गेलेल्या माणसाशी हुज्जत कशी घालायची?

“काका, इथे मारा. पायरीपाशी.”

“नक्की ना?”

“मला इथे ऐकू येतंय.”

तासाभराने माती ओली लागली आणि मग पाण्याची धार थेट काकांच्या तोंडावर उडाली. बायकांनी टाळ्या पिटल्या. ज्याची पायरी गेली त्या शिंप्याने तेवढं तोंड वाकडं केलं.

“तुझा बाप असता ना,” काका तोंड पुसत म्हणाले, “तर कोपराच खणला असता.”

तिने दचकून वर पाहिलं.

“तू रांगत होतीस तेव्हा. हीच गल्ली. तिथे लाइन वळते, म्हणून आवाज घुमतो. त्याने कोपरा खणला, तर आत कोरडं ठणठणीत! साहेबाने सगळ्यांदेखत झापला. घरी सांगू नकोस म्हणून मला शपथ घातली होती पठ्ठ्याने.”

तेव्हा बाबा जेमतेम पंचविशीचे असतील. कोरड्या खड्ड्यापाशी मान खाली घालून उभा असलेला तो तरुण मुलगा तिला दिसला आणि तिला त्याची इतकी माया आली, की आत्ताच्या आत्ता त्याला सांगावंसं वाटलं, बाबा, चालतं हो, होतं असं.

पाइपाला पट्टी आवळून झाली. काकांनी पाणी सोडलं. तिने घाईने सळई टेकवली आणि ओठांतल्या ओठांत हाक मारली. पाणी सरळ, गुपचूप पुढे निघून गेलं. तिने कान बदलला. उठून कोपऱ्यावर गेली. तिथेही तेच. तशीच बसून राहिली.

“काय गं, अजून गळतंय का कुठे?” काकांनी काळजीने विचारलं.

“नाही,” ती म्हणाली. सळई मात्र तिच्याने कानापासून काढवेना. “आता काहीच ऐकू येत नाही.”