पैलतीरीचा शब्द

केशरी, मग कुंकवी, मग जांभळी होत सांज समुद्रावर उतरत होती. शेजारतीआधी देवाची वस्त्रं एकेक करून उतरवून ठेवावीत, तशी.

त्या रंगांच्या ओघातून 'नीलांबरी' चालली होती. लहानखुरी, वयस्क, मंदगामिनी. पांढऱ्या रंगाच्या पुटांखाली गंज लपवणारी, पण पितळी कठडे निरांजनासारखे लखलखीत ठेवणारी. साठेक उतारू, दमट हवेनं फुगलेली केबिनची दारं, जेवताना आपसूक कलंडणारी आमटीची वाटी. मुंबईहून लक्षद्वीप, तीन सांजांचा प्रवास.

वरच्या डेकवर वेताच्या खुर्चीत हेरंबबुवा आठल्ये बसले होते. कपाळी बुक्का, खांद्यावर उपरणं. आणि एक पाऊल मागे, डाव्या अंगाला, मनोरमाबाई उभ्या.

एक्केचाळीस वर्षं त्या तिथंच उभ्या होत्या. बुवा कीर्तनाला उभे राहत, बाई मागं झांज धरीत. बुवा चरण उचलीत, आळवीत, आणि शेवटचा शब्द मुद्दाम अधांतरी सोडून देत. बाई तो झेलीत. सोडणं त्यांचं, झेलणं हिचं. अर्धी ओळ तो, अर्धी ओळ ती. संसार म्हणतात तो दुसरा काय असतो हो?

आठ महिन्यांपूर्वी ती मेघगंभीर, मधुवर्षिणी वाणी एका पहाटे विझली. मेंदूतली इवली रक्तवाहिनी फुटली आणि शब्दांची अख्खी पंगत उठून गेली. उरले डोळे, उरला श्वास.

"गाण्याच्या वाटेनं शब्द परत येतात, आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. "पण एक पथ्य. ते अडले की तुम्ही पुरं करायचं नाही. एकदा त्यांचा शब्द त्यांना सापडला, की मागून बाकीचे येतील."

बुवांना समुद्राचं वेड, म्हणून लेकीनं ही तिकिटं काढली. पहिल्या सांजेला चहा घेऊन आला तो जहाजावरचा जुना वाढपी, राजापूरचा इब्राहिम.

"देवळाच्या दगडी गडग्यावर बसून ऐकलंय मी बुवांना, लहानपणी," तो म्हणाला. मग पायाखालच्या इंजिनाच्या घरघरीकडे बोट दाखवून हसला. "आमची म्हातारी दमेकरी आहे, काकू. पण खोकते ती सुरात हां!"

बाईंनी कान दिला. खरंच की! पेटीतली काळी एक. बुवांचा सूर. अथांग निळाईवर कुणी अदृश्य तंबोरा धरला होता, आणि बुवांची बोटं मांडीवर हलत होती.

बाईंनी झांज ट्रंकेत कुलूपबंद केली. ओठ मिटले. एक सांज गेली, कोरडी. दुसरी गेली, कोरडी.

"उद्या सकाळी लक्षद्वीपचा धक्का," तिसऱ्या सांजेला इब्राहिम हळूच म्हणाला. "आज गातील बघा."

सूर्य पाण्याला टेकला. सोन्याची एक वाट जहाजापर्यंत आली. आणि त्या वाटेवरून, अनवाणी, थरथरत, एक स्वर चालत आला.

"ऐल... तीरी... मी उभा रे..."

बुवा गात होते! त्यांचंच पद, त्यांनीच रचलेलं. फुटक्या घागरीतून पाणी ठिबकावं तसे शब्द ठिबकत होते. इब्राहिमच्या हातातली किटली तशीच राहिली. बाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या.

"पैल... तीरी..."

थांबले. एकच शब्द उरला होता. एक अक्षर. बुवांची जीभ दातांना टेकली, गळ्याची शीर ताठरली, डोळ्यांत दूरचा दिवा लागला. येत होता. शब्द येत होता.

"तू!"

झेलला होता बाईंनी. सुरात, समेवर, एक्केचाळीस वर्षांच्या बिनचूकपणानं.

लाटसुद्धा थबकली.

बुवांनी मान वळवली. चेहऱ्यावर राग नव्हता, खंत नव्हती. कीर्तन रंगल्यावर असे तेच ते कृतार्थ हसू होतं. ओळ पुरी झाली होती, नेहमीसारखी. त्यांनी हात जोडले, समुद्राला नमस्कार केला आणि शांतपणे डोळे मिटले.

"अहो," बाई गुडघ्यांवर बसल्या. "अहो, पुन्हा म्हणा ना. मी नाही हो म्हणणार. शपथ घेते. एकदाच..."

बुवा नुसते हसले. सोन्याची वाट विझली. घरघर चालूच राहिली. एकटी, काळी एक.

सकाळी राखाडी उजेडात जहाज धक्क्याला लागलं. इंजिन थांबलं, आणि तीन दिवसांचा तो सूर पाण्यात बुडाला. इब्राहिमनं ट्रंक उचलली. आत झांज किणकिणली.

बुवा कठडा धरून पैलतीराकडे बघत होते. लाट येत होती, अर्धी. लाट जात होती, अर्धी. आणि पदराचा बोळा ओठांत घट्ट धरून मनोरमाबाई उभ्या होत्या. एक पाऊल मागे, डाव्या अंगाला.